अहमदनगरचा वेढा (१५९५–९६)

अहमदनगरचा वेढा ही मुघल साम्राज्याच्या दक्षिणेतील विस्तारातील पहिली मोठी लष्करी घटना होय. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा शाहजादा मुराद आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान यांच्या फौजांनी निजामशाहीची राजधानी अहमदनगर वेढली. सुलतान हुसेन निजामशाहाची कन्या आणि विजापूरचा सुलतान अली आदिलशाह (पहिला) याची विधवा चांदबिबी हिने किल्ला लढवला. मुघलांना किल्ला बळाने घेता आला नाही. १५९६ च्या आरंभी तह झाला आणि निजामशाहीने वऱ्हाड प्रांत मुघलांना दिला. अहमदनगरचा तट वाचला, परंतु त्याची किंमत वऱ्हाडाने, म्हणजे आजच्या बुलढाणा, अकोला, अमरावती या भागाने मोजली. चांदबिबीच्या शौर्याच्या वर्णनात ही बाजू बहुधा झाकली जाते.

पार्श्वभूमी

बहमनी राज्य मोडल्यावर अहमद निजामशाहाने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि भिंगारजवळ नवे शहर वसवले. शहराच्या पूर्वेस त्याने बांधलेला भुईकोट मूळचा मातीचा होता. पुढे हुसेन निजामशाहाच्या काळात, १५५९ ते १५६२ च्या दरम्यान, त्याचे दगडी बांधकाम झाले. जवळजवळ वर्तुळाकार असलेल्या या किल्ल्याला २२ बुरूज असून तटाचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे. सभोवती रुंद खंदक आहे. डोंगरी किल्ल्यांना निसर्गाचे जे संरक्षण लाभते ते येथे मुळीच नाही. सपाट माळावर उभ्या असलेल्या या किल्ल्याची सारी भिस्त दगडी तटावर, तोफांवर आणि आतल्या माणसांवर होती.

वऱ्हाडात एलिचपूरच्या (अचलपूरच्या) इमादशाहीची सत्ता होती. मूर्तझा निजामशाहाने १५७४ मध्ये ती संपवून वऱ्हाड आपल्या राज्यास जोडले. त्यानंतर निजामशाहीतील सत्तास्पर्धेचे पडसाद घाटावरच्या मुलुखात उमटू लागले. मूर्तझाचा भाऊ बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयाला होता. खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने त्याने अहमदनगरचे सिंहासन मिळवले, ती निर्णायक लढाई १५९१ मध्ये रोहिणखेड (आजचा मोताळा तालुका, जिल्हा बुलढाणा) येथे झाली. महदवी पंथाचा प्रबळ सरदार जमालखान तीत मारला गेला. खानदेशातून बालाघाटावर चढणारी वाट येथून जात असल्याने या लहानशा गावाने एकाहून अधिक लढाया पाहिल्या आहेत. तेथील १५८२ मधील मशीद त्या काळातील वैभवाची साक्ष म्हणून आजही उभी आहे.

अकबराची अपेक्षा होती की बुऱ्हाण त्याचे मांडलिकत्व मान्य करील. बुऱ्हाणने गादीवर येताच ते नाकारले. १५९५ मध्ये तो मरण पावला. त्याचा मुलगा इब्राहीम काही महिन्यांतच विजापूरकरांशी झालेल्या लढाईत पडला. त्यानंतर राज्याचे चार तुकडे झाल्यासारखी स्थिती झाली. दख्खनी पक्षाचा पुढारी मियाँ मंजू याने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले. तो राजघराण्यातला नसल्याचे लवकरच उघड झाले. हबशी सरदार इखलासखानाने मोती नावाचा दुसरा वारस उभा केला. अभंगखान या तिसऱ्या सरदाराने पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाचा वृद्ध पुत्र शाह अली याची बाजू घेतली. इब्राहीमचा अल्पवयीन मुलगा बहादूर हा खरा वारस असे चांदबिबीचे म्हणणे होते, पण त्याला मियाँ मंजूने जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात ठेवले होते.

हबशांनी कोंडी केल्यावर मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या मुरादला मदतीस बोलावले. मुघल येण्यापूर्वीच त्याने हबशांचा पराभव केला आणि मग आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आले. परंतु निमंत्रण परत घेता येण्यासारखे नव्हते. राजधानी सोडून तो आपल्या अहमदशाहासह विजापूर व गोवळकोंड्याची मदत मिळवण्यासाठी निघून गेला. मागे ठेवलेला किल्लेदार अन्सारखान याला चांदबिबीच्या पक्षाने ठार केले आणि बहादूरच्या नावाने द्वाही फिरवून तिने किल्ल्याचा ताबा घेतला.

वेढा

डिसेंबर १५९५ च्या अखेरीस मुघल फौजा अहमदनगरसमोर आल्या. मुरादने रहिवाशांना अभय दिले होते, पण शाहबाजखानाच्या सैनिकांनी वस्ती लुटली. बारा इमामांच्या नावाने चाललेला लंगरही त्यांनी सोडला नाही. लोक शहर सोडून गेले. मुघलांना पुढे धान्य व वैरणीची टंचाई भासली, तिला ही लूटही कारण झाली असणार.

मोर्चे वाटून देण्यात आले, तरी वेढा घालणाऱ्यांत एकमत नव्हते. मुराद आणि त्याचा सल्लागार सादिकखान एका बाजूस, तर खानखानान दुसऱ्या बाजूस, असा उघड दुरावा होता. किल्ला आपल्याच हातून पडावा, दुसऱ्याला श्रेय मिळू नये, असे दोघांनाही वाटत होते.

दरम्यान, अभंगखानाने शाह अलीसह रात्रीच्या वेळी किल्ल्यात शिरण्याचा प्रयत्न केला. त्यांची वाट नेमकी खानखानानच्या मोर्चातून गेली. अभंगखान काही स्वारांसह आत पोहोचला; शाह अली मात्र मागे फिरला आणि त्याच्या पुष्कळ माणसांना दौलतखान लोदीने कापून काढले.

तट तोफांनी पडेना, म्हणून मुघलांनी सुरुंगांचा मार्ग धरला. सुरुंग म्हणजे मोर्चापासून तटाच्या पायापर्यंत जमिनीखालून खणलेली वाट. तिच्या टोकाशी दारू भरायची, तोंड दगडमातीने घट्ट बंद करायचे आणि वात पेटवायची, म्हणजे स्फोटाचा जोर वरच्या तटावर येतो. मुरादच्या बाजूने असे पाच सुरुंग तयार झाले. ते उडवण्याच्या आदल्या रात्री मुघल छावणीतील ख्वाजा मुहम्मदखान शिराजी याने किल्ल्यात जाऊन त्यांच्या जागा सांगितल्या. आतल्या लोकांनी रातोरात खणायला सुरुवात केली. दोन सुरुंगांतील दारू काढून घेण्यात त्यांना यश आले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मुरादने, खानखानानला न कळवता, बत्ती देण्याचा हुकूम केला. खणणारे दगडांखाली गेले आणि सुमारे पन्नास यार्ड तट कोसळून मोठे खिंडार पडले.

या क्षणी अनेक सरदार जागा सोडून पळू लागले. चांदबिबी चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा आणि हाती नंगी तलवार घेऊन खिंडारापाशी आली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. तिला पाहून पळणारे परतले. मुघल मात्र उरलेले सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबले होते. तेवढ्या वेळात खिंडारात तोफा, बंदुका आणि बाण आणून उभे करण्यात आले. दुपारनंतर सुरू झालेले हल्ले अंधार पडेपर्यंत चालले आणि प्रत्येक हल्ला परतवला गेला. खंदक प्रेतांनी भरला. रात्रभर स्त्री-पुरुषांनी दगड, माती, लाकूड, जे हाती येईल ते रचून तट पुन्हा सुमारे तीन यार्ड उंच केला. सकाळी मुघलांना खिंडार उरलेले दिसले नाही.

फुटलेला तट शत्रूच्या डोळ्यांदेखत उभा करणे हा वेढ्यांच्या इतिहासातील जुना डाव आहे. इसवी सन ६७ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पासियनने गालील प्रांतातील योदफात या तटबंद यहुदी नगराला वेढा घातला, तेव्हा बचावाचे नेतृत्व करणाऱ्या जोसेफसने बैलांच्या ओल्या कातड्यांच्या आडोशाने तट उंचावला होता. त्याहीपूर्वी, इसवी सनपूर्व ७०१ मध्ये, लाखीश येथे अश्शूरी सैन्याने तटाला भिडवलेल्या उतरत्या भरावासमोर यहुद्यांनी आतून दुसरा भराव रचला. ती दोन्ही नगरे अखेर पडली. अहमदनगर त्या वेळी पडले नाही, याचे श्रेय शौर्याइतकेच शत्रूच्या छावणीतील बेबनावाला आणि वाटेवर असलेल्या कुमकेला द्यावे लागते.

दारूगोळा संपल्यावर चांदबिबीने तोफांतून तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर डागले, ही कथा सर्वपरिचित आहे. ती शतकाहून अधिक काळानंतर लिहिणाऱ्या खाफीखानाने दिलेली असल्यामुळे दंतकथा म्हणूनच वाचावी.

तह आणि वऱ्हाड

विजापूरचा सेनापती सुहैलखान विजापूर-गोवळकोंड्याच्या एकत्रित फौजेसह निघाल्याची वार्ता आली. मुघलांकडे धान्य संपत आले होते. किल्ल्यातही उपासमार होती. दोन्ही पक्ष बोलणी करण्यास तयार झाले. बहादूरला निजामशाह म्हणून मान्यता मिळाली आणि वऱ्हाड मुघलांकडे गेले. चांदबिबीने प्रथम ही अट नाकारली होती. कुमक वेळेवर पोहोचेल याची खात्री नसल्याने शेवटी तिने ती मान्य केली.

तह कागदावर झाला, तरी गाविलगड, नरनाळा यांसारखे किल्ले मुघलांच्या हाती लगेच आले नाहीत. मुरादने बाळापूरजवळ छावणी करून शाहपूर वसवले. अकबराच्या कारभारात वऱ्हाड हा सुभा झाला. ‘ऐन-इ-अकबरी’त त्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आहे, मलकापूर परगणा नरनाळा सरकारात होता. बालाघाटावर मात्र निजामशाहीचा प्रभाव टिकून राहिला. तहानंतर दोन वर्षांनी, १५९८ मध्ये, सिंदखेड येथे जिजाबाईंचा जन्म झाला, तेव्हा त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाहीचेच सरदार होते. दोन सत्तांच्या या ओढाताणीत जाधवरावांसारख्या देशमुख घराण्यांना वारंवार बाजू ठरवावी लागली. १६२९ मध्ये लखुजी आपल्या मुलांसह देवगिरीवर निजामशाही दरबारात मारले गेले.

नंतरच्या घडामोडी

वऱ्हाडाच्या सीमेवरून पुन्हा वाद पेटला. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीजवळ सुहैलखान आणि खानखानान यांची लढाई झाली. मुघल जिंकले, पण त्यांच्या बाजूने लढणारा राजा अलीखान कामास आला. अतिमद्यपानाने खंगलेला मुराद मे १५९९ मध्ये दक्षिणेतच मरण पावला. त्याच्या जागी शाहजादा दानियाल आला आणि अहमदनगरला दुसरा वेढा पडला. किल्ला आता टिकणार नाही, बालराजाचे प्राण वाचवून तो सोपवावा, असे चांदबिबीचे मत होते. ती शत्रूला मिळाली आहे, अशी आवई उठवली गेली आणि जमावाने महालात शिरून तिची हत्या केली. ज्यांनी तिला मारले त्यांनाही किल्ला राखता आला नाही. ऑगस्ट १६०० मध्ये तो पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. निजामशाही मात्र मलिक अंबरने आणखी पाव शतक जागती ठेवली.

स्मृती

फिलिप मेडोज टेलर याने चांदबिबीवर ‘अ नोबल क्वीन’ (१८७८) ही इंग्रजी कादंबरी लिहिली. शहराजवळच्या डोंगरावरील ‘चांदबिबी महाल’ नावाची वास्तू प्रत्यक्षात तिची नाही. ती मूर्तझा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. भुईकोट किल्ल्यात इंग्रजांनी १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरूंसह काँग्रेसच्या नेत्यांना स्थानबद्ध ठेवले होते. ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ नेहरूंनी तेथेच लिहिला. किल्ला सध्या लष्कराच्या ताब्यात आहे.