शिखर शिंगणापूर : तहानलेल्या डोंगरावर पाणी नेणारी चैत्रयात्रा

पंढरीची वारी आषाढाच्या पावसासोबत चालते. शिखर शिंगणापूरची यात्रा मात्र चैत्राच्या उन्हातून डोंगर चढते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, फलटणपासून सुमारे ३७ किलोमीटरवर असलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडा अधिक उंच आहे. त्याच्या माथ्यावर शंभू महादेवाचे प्राचीन देवालय आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला म्हणजे गुढीपाडव्याला सुरू होणारी येथील यात्रा पौर्णिमेपर्यंत चालते. या काळात पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातून लाखो भाविक येथे येतात. त्यांतील अनेक जण रिकाम्या हातांनी येत नाहीत. ते देवासाठी खांद्यावरून पाणी आणतात.

डोंगर आणि दैवत

भीमा व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांना विभागणाऱ्या शंभू महादेव डोंगररांगेला याच दैवताचे नाव मिळाले आहे. सह्याद्रीने अडवलेला पाऊस येथवर पोहोचेपर्यंत विरळ झालेला असतो. त्यामुळे माण तालुक्याची गणना राज्यातील कायम अवर्षणप्रवण तालुक्यांत होते. चैत्रात येथील ओढे कोरडे पडलेले असतात, माळावरचे गवत करपलेले असते आणि विहिरींनी तळ गाठलेला असतो.

देवालयाच्या गाभाऱ्यात दोन लिंगे असून ती शिव व शक्ती यांची रूपे मानली जातात. गावाच्या नावाचा संबंध परंपरेने देवगिरीच्या यादव घराण्यातील सिंघण राजाशी जोडला जातो. ज्येष्ठ संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात या दैवताचे धागे थेट दक्षिणेतील श्रीशैलापर्यंत नेऊन भिडवले आहेत. मुख्य देवालयाजवळच अमृतेश्वराचे मंदिर आहे. लोक त्याला ‘बळी’ या नावाने ओळखतात आणि यात्रेच्या विधींत त्याचे स्थान मुख्य देवालयाइतकेच अपरिहार्य आहे.

शंभू महादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी डोंगरावर मोठा तलाव बांधला. पुष्कर किंवा शिवतीर्थ या नावाने तो ओळखला जातो. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून राजांनी हे काम हाती घेतले असे परंपरा सांगते. डोंगरावरील सर्वांत महत्त्वाचे दान सोन्याच्या कळसाचे नव्हे, पाण्याच्या साठ्याचे असावे, यातच या स्थानाची खरी गरज दिसून येते.

उन्हाळाच का?

डोंगरावरील दैवतांच्या चैत्रयात्रा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीचा जोतिबा, वणीची सप्तशृंगी आणि कार्ल्याची एकवीरा ही त्यांतील ठळक नावे. यामागे पंचांगाइतकेच शेतीचे गणित आहे. चैत्र लागेपर्यंत रब्बीची ज्वारी, हरभरा घरात आलेला असतो. पुढची पेरणी मृगाच्या पावसावर अवलंबून असते. मधल्या दीड-दोन महिन्यांत शेतकऱ्याला उसंत असते, गाठीला थोडे धान्य असते आणि वाटाही कोरड्या असतात. म्हणून कष्टकऱ्यांच्या यात्रा या काळात भरू लागल्या. गैरसोय एकच : हाच काळ सर्वाधिक तापाचा आणि पाणीटंचाईचा असतो.

लग्न, ध्वज आणि कावड

यात्रेचा पूर्वार्ध शिवपार्वतीच्या विवाहाचा असतो. देवाला हळद लागते आणि चैत्र शुद्ध अष्टमीच्या रात्री विवाहसोहळा पार पडतो. त्याच दिवशी शंभू महादेवाच्या शिखरापासून बळीच्या शिखरापर्यंत कापडाचा एक लांबच लांब पट्टा बांधतात. हाच यात्रेतील ‘ध्वज’, बोलीत ‘धज’. तो जमिनीला टेकू न देता हातांवर तोलून धरण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. मराठवाड्यातील भाविकांची गर्दी या सोहळ्याला विशेष असते.

उत्तरार्ध कावडींचा. जाड बांबूच्या दोन टोकांना पाण्याने भरलेली तांब्याची भांडी, वर ध्वज व रंगीत वस्त्रांची सजावट, असे कावडीचे सर्वसाधारण रूप. गावोगावच्या लहानमोठ्या शेकडो कावडी या दिवसांत शिंगणापूरची वाट धरतात. त्यांत सर्वांत मोठा मान सासवडच्या संत भुतोजी तेली यांच्या कावडीचा आहे. सासवड व पंचक्रोशीतील कावडी कऱ्हा नदीचे पाणी घेऊन निघतात आणि शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पायी तोडतात. आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकाला परिचित असलेली ही नदी स्वतः काही बारमाही नाही. तिचा पुरंदर तालुकाही दुष्काळाशी झुंजणारा आहे. एका तहानलेल्या मुलखातून दुसऱ्या तहानलेल्या मुलखाकडे जाणारे हे पाणी आहे. म्हणूनच त्याची किंमत वाहणारा आणि पाहणारा, दोघेही जाणतात.

मुंगी घाट

चैत्र शुद्ध द्वादशीला या कावडी कोथळे गावाच्या बाजूने मुंगी घाट चढतात. पायथ्यावरून पाहिले असता कड्यावर चढणारी माणसे मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात, म्हणून हा मुंगी घाट, अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. घाट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी वळणावळणाची सडक येथे नाही. आहे ती सुट्या दगडांची, उभ्या चढाची पाऊलवाट. दुपारपासून लहान कावडी वर सरकू लागतात आणि मानाची मोठी कावड दिवस कलताना चढते. ‘हर हर महादेव’ या गजराबरोबर ‘म्हाद्या धाव’ अशी हाक ऐकू येते. देवाला एकेरीत, घरच्या माणसासारखे बोलावण्याचा अधिकार येथील भक्त बिनदिक्कत बजावतो. रात्री या पाण्याने देवाला अभिषेक होतो.

पाण्याने भरलेली मोठी कावड अशा चढावर एकट्यादुकट्याच्या बळाने हलत नाही. खांदेकऱ्यांच्या वर आणि खाली माणसे साखळी करून उभी राहतात. वरचा हात देतो, खालचा आधार देतो, दोराचा ताण सांभाळला जातो. कोणी कोठे उभे राहायचे, खांदा केव्हा बदलायचा, केव्हा थांबायचे, हे जाणत्या माणसांच्या इशाऱ्यावर ठरते. गावाचा गट, त्याचे मानकरी, ठरलेले मुक्काम आणि मुक्कामाच्या गावी मिळणारे पाणी व भाकरी, अशी ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या घडत आली. उन्हातल्या या चढाईला भक्तीइतकेच या शिस्तीने तारले आहे.

बदललेली गर्दी

मात्र आज यात्रेला येणारा प्रत्येक जण अशा गटाचा भाग नसतो. डोंगरमाथ्यापर्यंत डांबरी सडक गेली आणि वाहनांनी येणाऱ्यांची संख्या वाढली. सकाळी शहरातून निघून दुपारी बारा वाजता चढाला लागणाऱ्या माणसाच्या शरीराला उन्हाची सवय नसते. आठवडाभर पायी चालत आलेल्या कावडकऱ्याचे शरीर वाटेतच बरेचसे सरावलेले असते. त्यातच द्वादशीच्या आदल्या दिवशी एकादशीचा उपवास अनेकांना घडलेला असतो.

चढ चढताना स्नायूंत उष्णता निर्माण होते आणि घाम वाळताना ती बाहेर पडते. माणदेशाच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. पायांत गोळे येणे, चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही पहिली लक्षणे. या अवस्थेत सावली, विसावा आणि मीठ-साखरेचे पाणी, ताक किंवा लिंबूसरबत यांनी बहुधा भागते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी ओल्या कापडाने व वाऱ्याने शरीर त्वरित थंड करीत रुग्णालय गाठणे हाच उपाय. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नये.

हा धोका काल्पनिक नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानावरील कार्यक्रमात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तेथे चढ नव्हता, ओझे नव्हते. गर्दीचा धोका तर सातारा जिल्ह्याने फार जवळून पाहिला आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत आणि आगीत जवळपास ३०० भाविकांचे प्राण गेले. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दाटलेली दुकाने ही त्या दुर्घटनेची पार्श्वभूमी होती. तो हिवाळा होता. तशीच दाटी चैत्रातल्या उन्हात झाली, तर अडकलेल्या माणसाला सावलीही मिळणार नाही.

जाणाऱ्यांसाठी

प्रथमच जाणाऱ्यांनी चढाई पहाटे किंवा ऊन कलल्यावर करावी. अंगभर सुती कपडे, डोक्याला उपरणे वा टोपी आणि स्वतःपुरते पाणी सोबत असावे. वर गेल्यावर मिळेल या भरवशावर राहू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. वृद्ध, लहान मुले, हृदयविकार वा मधुमेह असलेल्यांनी सडकेचा मार्ग पत्करावा. मुंगी घाटात कावड चढत असताना तिच्या खालच्या बाजूस उभे राहू नये. वरून सुटलेला एखादा दगडही घातक ठरू शकतो. कोणत्याही गटाने आपली माणसे मोजून निघावे आणि मोजूनच परतावे.

मालोजीराजांनी तलाव बांधला, त्याला चार शतके उलटून गेली. यात्रेकरूंची संख्या तेव्हाच्या कितीतरी पट झाली असली, तरी डोंगराची गरज तीच आहे : पाणी, सावली आणि एकमेकांना सांभाळून नेणारी माणसे. देवासाठी शंभर किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या यात्रेत एकही यात्रेकरू तहानेने व्याकूळ होऊन कोसळू नये, ही जबाबदारी प्रशासन, देवस्थान आणि प्रत्येक गावाच्या गटाने मिळून उचलण्याची आहे. कावडीचे ओझेही एकाच खांद्यावर कधी राहत नाही.