सडपातळ स्त्रियांचे वजन आणि संप्रेरके

मासिक पाळी अनियमित झाली की वजन कमी करण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. स्थूल स्त्रियांना त्याचा लाभ होतो. परंतु जिचे वजन मुळातच बेताचे आहे, तिला हाच सल्ला अपायकारक ठरू शकतो. अशा स्त्रीने आहार कमी करण्यापूर्वी तक्रारीमागील संप्रेरकविकार ओळखणे महत्त्वाचे आहे.

पीसीओएस आणि सडपातळ बांधा

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजेच पीसीओएस हा विकार प्रजननक्षम वयातील सुमारे १० ते १३ टक्के स्त्रियांमध्ये आढळतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे त्याचे निकष ठरले. पाळीची अनियमितता, अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या अनेक लहान बीजपुटिका, यांपैकी दोन बाबी आढळल्या आणि इतर विकार नसल्याची खात्री झाली, तर पीसीओएसचे निदान होते. या निकषांत वजनाचा समावेश नाही. त्यामुळे सडपातळ स्त्रीलाही हा विकार होऊ शकतो.

अशा काही स्त्रियांमध्ये इन्शुलिनचा परिणाम मंदावलेला असतो. शरीर मग अधिक इन्शुलिन निर्माण करते आणि ते अंडाशयातील अँड्रोजेनची निर्मिती वाढवते. वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, मात्र यडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. म्हणूनच सडपातळ भारतीय स्त्रीने वजनापेक्षा कमरेच्या घेराकडे लक्ष द्यावे. तो ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने असलेला आहार यांचा उपयोग होतो, उपासमारीचा नाही.

आहार तोडल्यास काय होते?

शरीराला मिळणारी ऊर्जा गरजेपेक्षा कमी पडली, की चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन घटते. मेंदूतील हायपोथॅलॅमस ही ग्रंथी पिट्यूटरी ग्रंथीला दिले जाणारे संदेश मंद करते. परिणामी अंडाशयातील इस्ट्रोजेन कमी होऊन पाळी थांबते. ही स्थिती लांबल्यास हाडे ठिसूळ होऊ लागतात. अतिव्यायाम आणि तीव्र मानसिक ताण यांमुळेही असे घडते.

निदानातील चूक येथेच संभवते. अशा स्त्रीच्या सोनोग्राफीतही अनेक बीजपुटिका दिसू शकतात. केवळ तेवढ्यावरून पीसीओएस ठरवून तिला वजन उतरवण्यास सांगितले, तर आजार बळावतो. तिला खरी गरज असते ती अधिक आहाराची, व्यायाम कमी करण्याची आणि ताण हलका होण्याची.

वजन आपोआप घटत असेल तर

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर तपासणी आवश्यक ठरते. ५० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही घट अवघी अडीच किलो असते आणि सहज नजरेआड होते. भूक चांगली असूनही वजन उतरणे, धडधड, हातांना कंप आणि घाम ही थायरॉईडच्या अतिसक्रियतेची लक्षणे असू शकतात. वारंवार तहान आणि लघवी लागत असल्यास मधुमेहाची शक्यता तपासावी. थकवा, कमी रक्तदाब आणि त्वचा काळवंडणे ही लक्षणे अधिवृक्क ग्रंथींच्या दुर्बलतेकडे निर्देश करतात. भारतात क्षयरोग हे या दुर्बलतेचे एक कारण आहे.

कोणती तपासणी करावी?

सलग तीन महिने पाळी न आल्यास प्रथम गर्भधारणा नसल्याची खात्री करावी. त्यानंतर थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांच्या रक्तचाचण्यांतून कारणाचा उलगडा होण्यास मदत होते. गेल्या वर्षभरातील वजन, आहार आणि व्यायाम यांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. आप्तेष्टांनी केलेल्या बारीकपणाच्या कौतुकात ही माहिती सांगायची राहून जाते आणि योग्य उपचार लांबणीवर पडतात.