द्राक्षवेल आणि कात्रीचा हिवाळा

माघ-फाल्गुनांत नवी मुंबईंतील वाशीच्या घाऊक बाजारांत नाशिक-सांगलीकडील द्राक्षांच्या पेट्यांची रीघ लागते. जवळच्याच न्हावा-शेवा बंदरांतून, जें १९८९ सालीं सुरू झालें, तींच द्राक्षें युरोपास रवाना होतात. ज्या भूमीवर हा एवढा व्यापार चालतो, तिच्यावर मात्र द्राक्षाचे मळे दिसत नाहींत. असें कां व्हावें?

खाडीकांठच्या या पट्ट्यांत वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पानें ओलीं राहिलीं कीं वेलीवर केवडा रोग पडलाच म्हणून समजावें. सह्याद्रि ओलांडतांच देखावा पालटतो. नाशिकास याच्या सुमारें एक-तृतीयांश पाऊस. शिवाय तें समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशें मीटर उंच. तेथील हिवाळ्यांत दिवसाच्या उन्हानें फळांत साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यानें आंबटपणा टिकतो. उत्तम वाइनला हीं दोन्ही हवीं असतात.

तथापि एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. वाइनचे जुने प्रसिद्ध देश विषुववृत्तापासून तीस ते पन्नास अंशांच्या दरम्यान आहेत. नाशिक विसाव्या अंशावर आहे. युरोपांत वेल थंडीनें निजते आणि वसंतांत जागी होते. आमच्या दख्खनांत तिला निजविणारी थंडीच नाहीं. चौदाव्या शतकांत आलेला प्रवासी इब्न बतूता यानें दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें लिहून ठेविलें आहे. त्याचें मर्म हेंच होय.

या अडचणीवर आमच्या बागाइतदारांनीं कात्रीचा उपाय योजिला. एप्रिलांत खरड छाटणी करावयाची, म्हणजे उन्हाळ्यांत नव्या काडींत फळाचा डोळा तयार होतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करावयाची. छाटण्या दोन, पण पीक एकच. फ्रान्सांत द्राक्षें शरदाच्या सुमारास उतरतात, तर येथें जानेवारी ते मार्च या काळांत. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगावीं आणि १९९७ च्या सुमारास नाशिकजवळ जे वाइनचे मळे उभे राहिले, ते याच पंचांगाच्या भरंवशावर. पुढें २००१ सालीं सरकारनेंही या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें.

परंतु कात्रीनें हिवाळा आणतां येतो. पाऊस थोपवितां येत नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळाबरोबर आलेल्या अवकाळी पावसानें नुकत्या छाटलेल्या बागांची धूळधाण केली. छाटणी चुकली तर पुढल्या वर्षीं सुधारतां येते. फुलोऱ्यांत पाऊस कोसळला तर वर्षाची मेहनत जाते आणि कर्ज तेवढें राहतें. म्हणून अमुक प्रदेश द्राक्षास योग्य, असा निकाल कायमचा देतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें. ती योग्यता ऋतूंनीं आपापली वेळ पाळण्यावर अवलंबून आहे. वाशीस द्राक्षांचा भाव विचारतांना आपण गृहस्थांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या भावांत पावसाची ही जोखीमही धरलेली असते.