परदेशातल्या फूड कोर्टमधलं मेक्सिकन जेवण: स्वस्त आणि पोटभर, पण शाकाहारी असतं का?

ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांचं नवं सत्र सुरू होतं. शिकायला गेलेल्या मराठी मुलांसमोर पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे बाहेर खायचं काय? शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्यांना प्रत्येक डॉलर मोजावा लागतो. त्यात घरी माळकरी परंपरा असेल तर अडचण वाढते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, त्या नेवाशासारख्या गावातल्या मुलाला ‘थोडंसं चिकन बाजूला काढून खा’ हा सल्ला उपयोगाचा नसतो.

अशा वेळी अनेकांची पावलं मेक्सिकन काउंटरकडे वळतात.

मेक्सिकनच का?

कारण या जेवणाचा पाया आपल्या ओळखीचा आहे. मका, भात, घेवडा, टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर. मांस घातलं नाही तरी जेवण पूर्ण होतं. बर्गरच्या दुकानात मांस काढलं तर उरतो फक्त पाव आणि पानं.

मेन्यूतले शब्द असे समजून घ्या:

• टॉर्टिया: मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळतात. त्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं.
• टाको: छोट्या टॉर्टियात सारण घालून दुमडलेला.
• बुरिटो: गव्हाच्या मोठ्या टॉर्टियात भात, बीन्स, भाज्या भरून केलेली गुंडाळी.
• बुरिटो बोल: तेच सारण, पण पोळीशिवाय वाडग्यात.
• केसाडिया: चीज भरून भाजलेली टॉर्टिया.
• साल्सा: टोमॅटो, कांदा, मिरचीची चटणी.
• ग्वाकामोले: अ‍ॅव्होकॅडो कुस्करून केलेली चटणी.

पिंटो बीन्स आणि काळे बीन्स हे आपल्या राजम्याच्याच प्रजातीतले. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडाही त्यातलाच. म्हणूनच पहिल्या घासाला ही चव फारशी परकी वाटत नाही.

मग गडबड कुठे होते?

डोळ्यांना दिसणारं मांस टाळणं सोपं असतं. न दिसणारं ओळखणं अवघड.

1. बीन्स: शिजवून घोटलेल्या ‘रिफ्राइड बीन्स’मध्ये पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी घालतात. इंग्रजीत तिला ‘लार्ड’ आणि स्पॅनिशमध्ये ‘मान्तेका’ म्हणतात.
2. भात: तांबूस रंगाचा मेक्सिकन भात अनेक ठिकाणी चिकनच्या पाण्यात शिजवतात.
3. चीज: काही चीज बनवताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात.
4. तवा: कांदा आणि सिमला मिरची मांसाच्याच तव्यावर परतलेली असू शकते.

मोठ्या साखळ्यांमध्ये परिस्थिती बरीच स्पष्ट असते, कारण घटकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर मिळते. चिपोटलेच्या पिंटो बीन्समध्ये पूर्वी बेकन, म्हणजे डुकराचं मांस असायचं. 2013 मध्ये ते काढलं गेलं. टाको बेलच्या काही पदार्थांना 2015 मध्ये अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचं प्रमाणपत्र मिळालं. छोट्या स्वतंत्र काउंटरवर मात्र विचारण्याला पर्याय नाही.

काय विचारायचं?

नुसतं ‘व्हेज आहे का?’ विचारून भागत नाही. काही ठिकाणी त्याचा अर्थ ‘वर मांस घातलेलं नाही’ एवढाच घेतला जातो. सरळ तीन प्रश्न विचारा: बीन्समध्ये लार्ड आहे का? भातात चिकन ब्रॉथ आहे का? भाज्यांचा तवा वेगळा आहे का? वाढणाऱ्याला हातमोजे बदलायला सांगितलं तर त्यात गैर काही नाही. समोरची व्यक्ती स्पॅनिश बोलणारी असेल तर ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’ म्हणा. अर्थ: मांस नको, चरबी नको.

आणि एकादशीला हे काउंटर सोडून द्या. भात, मका, घेवडा यातलं काहीच उपासाला चालत नाही.

बोर्डावरची किंमत आणि हातातलं बिल

भारतात छापील किमतीत कर धरलेला असतो. अमेरिकेत बोर्डावरच्या किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो आणि तो राज्यानुसार, शहरानुसार बदलतो. ओरेगॉनसारख्या काही राज्यांत तो नाहीच.

समजा बोल 10 डॉलरचा आहे. 8 टक्के कर धरला तर 10.80 डॉलर. पैसे भरताना स्क्रीनवर टिपचा पर्याय येतो. 15 टक्के निवडलं की आणखी 1.50. एकूण 12.30 डॉलर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर हे झाले सुमारे 1,045 रुपये. टेबलावर येऊन वाढणाऱ्या वेटरला टिप देणं तिथे अपेक्षितच असतं. पण फूड कोर्टच्या काउंटरवर ती ऐच्छिक असते. ‘नो टिप’ दाबण्यात संकोच नको.

पैसे वाचवण्याचे आणखी काही मार्ग आहेत. कोल्ड्रिंकऐवजी साधं पाणी मागा, ते बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. ग्वाकामोलेला सहसा जादा पैसे पडतात, पण चिपोटलेत मांसाऐवजी व्हेजी पर्याय घेतला तर ते त्याच किमतीत येतं. भात आणि बीन्स भरपूर घेतले तर एक बोल दोन वेळा पुरू शकतो. उरलेलं मात्र दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

मेक्सिकन मका आणि वर्ध्याचा माणूस

मका, मिरची आणि टोमॅटो मुळात अमेरिका खंडातले. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे 1290 मधली. तेव्हा नेवाशाच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. ती आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून, दोनशेहून अधिक वर्षांनी.

उलट दिशेने गेला एक मराठी माणूस. वर्ध्यात जन्मलेले गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत कृषितज्ज्ञ झाले. चापिंगोच्या कृषी संस्थेत त्यांनी शिकवलं आणि मक्यावर संशोधन केलं. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा उभ्या करण्यात त्यांचा वाटा होता. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिलं.

तेव्हा त्या काउंटरवरचं जेवण वाटतं तितकं परकं नाही. फक्त ऑर्डर देण्याआधी ते तीन प्रश्न विचारायला विसरू नका.