जुन्नर–आंबेगाव

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेले दोन तालुके व त्यांतील धरणांच्या जलाशयांचा डोंगरी मुलूख. लोकसंख्या : जुन्नर तालुका ३,९९,३०२, आंबेगाव तालुका २,३५,९७२ (२०११), जुन्नर शहर २४,७४० (२००१). तालुक्यांची मुख्य ठिकाणे अनुक्रमे जुन्नर व घोडेगाव. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की त्याचे अवशेष उघडे पडतात. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री व भीमाशंकरचा मार्ग यांमुळे हा प्रदेश पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. राज्य शासनाने जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा विशेष दर्जा दिला. जलाशयांच्या कडेचे रस्ते गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांच्या पसंतीला उतरले आहेत.

भूवर्णन : पश्चिमेस कोकणात तुटणारा कडा, मध्ये घाटमाथा व त्यावरचे सुटे डोंगर, पूर्वेस सपाट बागायत, अशी या मुलखाची तीन पट्ट्यांत विभागणी होते. आर, कुकडी, मीना व घोड या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांचे पाणी अखेर घोडनदीतून भीमेला मिळते. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड आहे. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते दरीच्या तळातून सावकाश चढतात, तर दक्षिणोत्तर जाणाऱ्याला दर वेळी एक सोंड ओलांडावी लागते. नकाशावर जवळ दिसणारी दोन गावे सायकलवर दूर पडतात ती यामुळेच.

येथील एकही तलाव नैसर्गिक नाही. कुकडीवरील येडगाव व माणिकडोह, मीनेवरील वडज, आर नदीवरील पिंपळगाव जोगे आणि घोडेवरील डिंभे ही पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. माणिकडोहचे बांधकाम १९८४ मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयास शहाजीसागर म्हणतात. डिंभे (२०००) हे पाचांत मोठे. त्याची उंची सु. ६७ मी. व लांबी ८५२ मी. असून साठा सु. साडेतेरा अब्ज घनफूट आहे. त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. परदेशी कापडाची मोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण गमावलेले बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. प्रकल्पाचे बरेचसे पाणी येडगावहून निघणाऱ्या डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत (जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) व करमाळ्याकडे जाते. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून आंबेगाव आणि खालचे तालुके यांच्यात वाद आहे. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारे निळे पाणी मे महिन्यात दरीच्या मध्यावर आक्रसलेले असते आणि मधली सगळी जागा भेगाळलेल्या गाळाची होते. छायाचित्रांवर विसंबून उन्हाळ्यात येणाऱ्यांची निराशा ठरलेली.

इतिहास : कोकणातील बंदरांतून घाट चढून आलेला माल जेथे प्रथम विसावा घेई ते गाव म्हणजे जुन्नर. त्याचा सर्वांत जुना व बोलका पुरावा नाणेघाटात आहे. घाटाच्या तोंडाशी खोदलेल्या दालनात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे (इ. स. पू. पहिले शतक). धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव यांना वंदन करून लेख सुरू होतो. पुढे अश्वमेधादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या दक्षिणेची यादी येते. या आकड्यांमुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात लेखाला मोठे स्थान आहे. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आदींच्या मूर्ती होत्या. आज वर नावे आणि खाली फार तर पावलांच्या खुणा उरल्या आहेत. लेखाकडे विद्वानांचे लक्ष प्रथम विल्यम साइक्स याने १८२८ च्या सुमारास वेधले. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगतात. त्याला लेखी आधार नाही, पण व्यापारी वाटेच्या तोंडाशी असलेल्या त्याच्या जागेशी ही समजूत जुळते.

या व्यापाराच्या पैशातून जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत लेणी कोरली गेली. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजा हे त्यांचे मुख्य गट. खोदीव दालनांची एकूण संख्या दोनशेच्या वर असून एका गावाभोवती इतकी लेणी देशात अन्यत्र नाहीत. बहुतेक बौद्ध, हीनयान काळातील व साधी आहेत. अजिंठ्याची अपेक्षा ठेवून येऊ नये. तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्य मात्र चुकवू नये : मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमट. मानमोडीत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. काही लेखांत दाते स्वतःला यवन म्हणवतात. लेण्याद्रीच्या एका विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेले बहुसंख्य भाविक शेजारचा चैत्य न पाहताच उतरतात.

बहमनी काळात रशियन व्यापारी अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौलहून घाट चढून आला आणि पावसाळाभर जुन्नरला अडकून राहिला. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा येथील अंमलदार असदखानाने हिसकावला आणि धर्म बदललास तर परत देईन, असे बजावले. चार दिवसांची मुदतही दिली. एका खुरासाणी गृहस्थाच्या रदबदलीने निकितीन सुटला व घोडाही परत मिळाला. त्याच्या वृत्तान्तात चिखल, पाऊस व खडकावरचे गाव यांचे जे वर्णन आहे ते श्रावणातल्या जुन्नरला अजूनही लागू पडते. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये येथूनच स्वतंत्र कारभार सुरू केला, अहमदनगर त्यानंतरचे. शहराजवळ हापूसबागेत त्या काळच्या वैभवाची साक्ष देणारा सौदागर घुमट उभा आहे. येथील हातकागदाला पुढे पेशव्यांच्या दफ्तरातही मागणी असे. तो धंदा आता उरला नाही.

शिवनेरीवर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांनी १६५७ मध्ये जुन्नरवर छापा घालून मोगलांचे द्रव्य व घोडे नेले. जन्मस्थान असलेला किल्ला मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. तो शाहूंच्या काळात, १७१६ मध्ये मराठ्यांकडे आला. मोगली अंमलात महादेव कोळ्यांच्या बंडाचा निर्घृण बीमोड झाला. त्याची आठवण म्हणून गडावर कोळी चौथरा दाखवतात. चावंड, जीवधन, हडसर, निमगिरी, सिंदोळा, नारायणगड, ढाकोबा व दुर्ग हे इतर किल्ले व शिखरे. इंग्रजांनी १८१८ च्या मे महिन्यात चावंड व जीवधन तोफा लावून घेतले आणि जीवधनच्या वाटा उद्ध्वस्त केल्या. कड्यातल्या तुटक्या पायऱ्या चढताना त्याचा प्रत्यय येतो.

सायकलवाटा : येथे केवळ सायकलींसाठी आखलेला, पाट्या लावलेला मार्ग नाही. धरणाच्या कामासाठी, एस.टी.साठी व वाड्यांना जोडण्यासाठी झालेले डांबरी रस्तेच सायकलवाटा म्हणून वापरले जातात. त्यांवरची वाहतूक सुट्टीचे दिवस सोडल्यास विरळ असते. गणपतीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम.

सर्वांत चांगला मार्ग जुन्नर–आपटाळे–चावंड–घाटघर–नाणेघाट हा होय (एकेरी सु. ३० किमी.). आपटाळ्याच्या पुढे उजव्या हाताला माणिकडोहचे पाणी दिसू लागते. पलीकडच्या तीरावर हडसरचा कातळ, अलीकडे चावंड, आणि मध्ये पाण्यात घुसलेल्या टेकड्यांच्या जिभा. चावंडच्या पुढे पूर गावी कुकडेश्वराचे जुने शिल्पमंडित मंदिर आहे. कुकडीचा उगम येथला मानतात. देवळाच्या बाह्य भिंतीवरची झिजलेली शिल्पे पाहायला सायकल टेकवून अर्धा तास द्यावा, कारण येथून पुढे सावली कमी आहे. घाटघरनंतर पठार उघडे पडते आणि पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. सपाटीवरही खालचा गिअर लावावा लागतो. येताना तोच वारा पाठीशी असल्याने परतीचा वेळ बराच वाचतो.  लेख असलेले दालन पठाराच्या खाली, घाटाच्या वाटेवर आहे. सायकल वरच ठेवून उतरावे लागते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते, त्या दिवशी जाऊ नये.

दुसरा मार्ग ओतूर–मढ–खुबी फाटा–खिरेश्वर. ओतूर येथे तुकाराम महाराजांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तेथील कपर्दिकेश्वरात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी रचतात. खुबी फाट्यापर्यंत माळशेजचा राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणजे कल्याणकडच्या मालमोटारी. फाट्यावरून मात्र वाट पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीला लागते. एका बाजूला पाणी, समोर हरिश्चंद्रगडाची भिंत (१,४२४ मी.), आणि चढ जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात जलाशयावर रोहित पक्षी उतरतात. खिरेश्वरचे नागेश्वर मंदिर छतावरील शिल्पपटांसाठी पाहावे.

आंबेगावात मंचर–घोडेगाव–शिनोली–डिंभे–पोखरी घाट–तळेघर–भीमाशंकर हा राजमार्ग (सु. ६० किमी.). पोखरीच्या वळणांवरून डिंभ्याचा जलाशय खाली पसरलेला दिसतो. त्या निमित्ताने दम घ्यायला थांबता येते. श्रावण व महाशिवरात्रीच्या सुमारास यात्रेच्या गाड्यांमुळे हा रस्ता सायकलीस अयोग्य ठरतो. भीमाशंकराचे देऊळ तांत्रिकदृष्ट्या खेड तालुक्यात आहे, पण रस्ता व बाजार आंबेगावचा. सभामंडपाबाहेरची मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेतून आणलेली आहे.

याहून शांत वाट डिंभ्याहून जलाशयाच्या काठाने अडिवरे, माळीण, असाणे या बाजूने आहुप्याला जाते. भाताची खाचरे, कारवीची झुडपे, अंगणात वाळत घातलेला बाळहिरडा आणि एखादी मुक्कामी एस.टी. एवढीच तिथली वर्दळ. आहुप्याला रस्ता संपतो. पुढे कडा आणि खाली मुरबाडचे कोकण. याच वाटेवरील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खचून गाडले गेले व १५१ जणांचा मृत्यू झाला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बातमी बाहेर पोचली. पुनर्वसित गावाचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी जवळच्या आमडे येथे झाले. मुसळधार पावसात या भागात सायकल नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव व मंचर सोडल्यास दुरुस्तीची भिस्त आपल्याच पिशवीवर. जादा ट्यूब व पंप जवळ असावा.

वन व वन्यजीव : भीमाशंकर अभयारण्य (१९८५, सु. १३१ चौ. किमी.) शेकरूसाठी राखलेले आहे. शेकरू हा राज्यप्राणी. पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे लखलखतात; त्या दिवसांत वनखाते रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालते. पूर्वेकडील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांची वस्ती वाढली असून माणसांवर हल्ले झाले आहेत. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

लोक व अर्थव्यवस्था : पश्चिमेस महादेव कोळी, ठाकर व कातकरी, भात, नाचणी, वरई व हिरडा. पूर्वेस ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने. नारायणगाव तमाशा फडांचे माहेरघर असून विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (मृ. २००२) येथल्या.

खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे, तर आंबेगावातील गिरवली येथे आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण (२००६). आर्वी येथील विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ चे.

दळणवळण : पुणे–नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव व आळेफाट्यावरून जातो. पुण्याहून मंचर सु. ६० किमी., नारायणगाव सु. ७५ किमी.; तेथून जुन्नर १५ किमी. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. नियोजित पुणे–नाशिक लोहमार्ग नारायणगाववरून जाणार होता. खोडदच्या दुर्बिणीला अडथळा येईल म्हणून रेल्वे खात्याने २०२५ मध्ये ती आखणी बदलून मार्ग अहिल्यानगरकडून नेण्याचे जाहीर केले. सायकल घेऊन येणाऱ्यास पुणे स्थानकापासून पुढचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो.