मोटारीचा धनी

गेल्या वैशाखांत आमच्या मोटारीच्या दर्शनी फलकावर एक पिवळा दिवा लागला व तो कांहीं केल्या विझेना. धूर नव्हता, वास नव्हता, आवाजही फारसा बदललेला वाटत नव्हता. जुन्या काळची गाडी असती तर तिनें खोकून, धापा टाकून आपलें दुखणें सांगितलें असतें; हिनें नुसता एक डोळा उघडला. कारखान्यांत नेली तेव्हां तेथील तरुण कारागिरानें प्रथम बॉनेटला हातही लावला नाहीं. सुकाणूखालच्या एका खांचेंत त्यानें एक लहानसें उपकरण खोंचलें, त्याच्या कांचेवर उमटलेला 'पी ०३०२' हा संकेत वाचला, आणि "सर, दोन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी चुकतेय, कॉइल गेलेला दिसतो," असें म्हणून तो कॉइल आणावयास गेला. निदान बरोबर ठरलें. तासाभरांत आम्ही घरीं परतलों. परंतु वाटेंत एक गोष्ट मनाला टोंचत राहिली. ज्या वस्तूचे आम्ही कायदेशीर धनी, जिचा शेवटचा हप्ता आम्हीं गेल्याच वर्षीं फेडला, तिच्या पोटांत काय बिघडलें आहे हें तिचें तिला ठाऊक होतें आणि त्या मुलाला समजलें. अज्ञानांत होतों ते फक्त आम्ही.

मोटारीचा इतिहास बहुधा वेगाचा व ऐषआरामाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तिच्याविषयींचें ज्ञान धन्याच्या हातून हळूहळू कसें सुटत गेलें, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग आहे, आणि आमच्या मतें तो अधिक विचार करण्याजोगा आहे.

प्रारंभीं चालविणें आणि दुरुस्त करणें हीं दोन कामें नव्हतींच. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही जर्मन बाई, पतीला न सांगतां, आपल्या दोन मुलांस घेऊन त्यानें बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या आईकडे गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. पेट्रोल विकणारें दुकान तेव्हां कोठून असणार? वीस्लोख गांवच्या औषधविक्याकडून तिनें लिग्रोइन नांवाचें डाग काढण्याचें द्रव्य घेतलें व तें टाकींत ओतलें. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. तारेवरचें वेष्टन झिजलें तेथें मोज्याचा बंद गुंडाळला. लांकडी ब्रेक निकामी होऊं लागले तेव्हां वाटेंतल्या चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. मोटारीच्या निगेच्या इतिहासांतील पहिलें पान एका गृहिणीनें लिहिलें आहे, हें आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य लक्षांत ठेवावें.

यानंतर वीस वर्षांनीं, १९०८ च्या ऑक्टोबरांत, हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' बाजारांत आली. आरंभीं ८५० डॉलर असलेली तिची किंमत १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरांच्याही खालीं उतरली, आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. सामान्य शेतकऱ्याला परवडलेली ही पहिली मोटार. आजचा चांगला सराईत चालक तिच्यावर बसविला तर त्याला ती जागची हलवितांही येणार नाहीं. तिला पायाखालीं तीन पट्ट्या होत्या खऱ्या. परंतु डावी पट्टी पूर्ण दाबली म्हणजे गाडी मंद गतीच्या गिअरांत पडे, अर्धी दाबली म्हणजे मोकळी होई, सोडली म्हणजे जलद गतीच्या गिअरांत जाई. मधली मागें नेण्याची, उजवी ब्रेकची. पेट्रोल कमीजास्त करण्याची दांडी सुकाणूच्या उजव्या बाजूला हाताशीं. आणि डाव्या बाजूला होती ती दांडी ठिणगीची. सिलिंडरांत ठिणगी केव्हां पडावी, किंचित् आधीं कीं किंचित् उशिरां, हें त्या काळीं चालक स्वतःच्या हातानें, स्वतःच्या कानानें ठरवीत असे.

गाडी सुरू करणें हा तर एक विधीच होता. ठिणगीची दांडी वर सारून ठिणगी उशिरां पडेल असें करावयाचें, मग खालीं उतरून रेडिएटरजवळची चोकची तार एका हातानें ओढावयाची व दुसऱ्या हातानें पुढचा लोखंडी हँडल वर खेंचावयाचा. अंगठा हँडलाभोंवतीं वळवावयाचा नाहीं, हा गुरुमंत्र. कारण ठिणगी वेळेआधीं पडली तर हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. टाकींत पेट्रोल किती आहे तें पाहण्यास आसन उचलून आंत काठी बुडवावी लागे. टाकीपासून इंजिनाकडे पेट्रोल केवळ उतारानें वाहत असल्यामुळें, पेट्रोल थोडें असतांना मोठा चढ आला तर गाडी उलटी करून पाठमोरी चढवीत. तेलाची पातळी पाहावयास गाडीखालीं शिरून दोन लहान तोट्या सोडून पाहावें लागे; वरच्या तोटींतून तेल आलें नाहीं व खालच्या तोटींतून आलें, कीं पातळी त्या दोहोंच्या मध्यें आहे असें समजावयाचें. या सर्व यातायातीचें गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तिच्यामुळें अमेरिकेंतील लाखों कुटुंबांत निदान एक तरी मनुष्य असा असे, कीं ज्याला आपलें यंत्र आंतून ठाऊक होतें. तो मागचें चाक उचलून धरी, त्यावर पट्टा चढवी व त्याच इंजिनावर लांकडेंही कापून घेई.

त्या हँडलाला पहिली रजा दिली चार्ल्स केटरिंग या गृहस्थानें. डेटन शहरीं रोकड मोजण्याचीं यंत्रें करणाऱ्या कंपनींत काम करतांना त्याच्या ध्यानांत आलें होतें, कीं विजेची लहानशी मोटर अखंड चालवावयाची नसेल तर क्षणभर तिच्याकडून तिच्या आकाराच्या मानानें पुष्कळच जोर काढतां येतो. याच युक्तीवर त्यानें विजेचा स्टार्टर बसविला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. मनगटें वांचलीं, अंगबळ नसलेल्यांनाही गाडी चालवितां येऊं लागली. धन्याच्या हातून गेलेली ही पहिली गोष्ट, आणि ती गेली याचें दुःख कोणीं करावें? पण याच केटरिंगच्या हाताखालीं पुढें जें घडलें त्याची हकीकत निराळी आहे. ती सांगण्याआधीं थोडें घरगुती वृत्त सांगणें भाग आहे.

आमच्या लहानपणीं, १९८० च्या आसपास, पुण्यांत आमच्या वडिलांजवळ एक जुनी फियाट होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली. हिचेंच पुढें 'पद्मिनी' असें नामकरण झालें, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरापर्यंत टिकली. दर रविवारीं सकाळीं चहा झाला कीं बॉनेट उघडे. वडील पंख्याच्या पट्ट्याचा ताण अंगठ्यानें दाबून पाहत, रेडिएटरांत पाणी भरीत, आणि चारही प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनें मांडून ठेवीत. बोर घाटांत उन्हाळ्याच्या दिवसांत गाडी अडली, तर पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलें फडकें टाकून ती निववावयाची, हें आम्हां भावंडांस पाढ्यांइतकें पाठ होतें. प्लग पॉलिशकागदानें घासण्याचें काम आमचें. त्यांच्या टोकांवर करड्या रंगाची बारीक राख जमलेली असे. ती आम्ही खरवडीत असूं आणि फुंकर मारून उडवीत असूं.

त्या राखेंत शिसें होतें.

तें पेट्रोलमध्यें आलें कसें, हें पाहूं. इंजिनावर ताण पडला म्हणजे सिलिंडरांतील मिश्रण अवेळीं भडकून ठोके पडत. केटरिंगच्या प्रयोगशाळेंतील टॉमस मिज्ली यानें १९२१ च्या डिसेंबरांत असा शोध लावला, कीं शिशाचें एक सेंद्रिय संयुग अत्यल्प प्रमाणांत मिसळलें असतां हे ठोके थांबतात. अल्कोहोलनेंही ते थांबतात हें त्या मंडळींस ठाऊक होतें. पण अल्कोहोल कोणालाही गाळतां येतें, त्याचें पेटंट होत नाहीं. १९२३ सालीं डेटन येथें हें पेट्रोल विक्रीस आलें, तें 'एथिल' या गोंडस नांवानें. नांवांत शिशाचा उच्चारही नव्हता. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथें हें द्रव्य तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तेव्हां मिज्लीनें पत्रकारांस बोलावून त्यांच्यादेखत तें हातांवर ओतून घेतलें व मिनिटभर हुंगूनही दाखविलें. आदल्याच वर्षीं शिशाच्याच बाधेमुळें तो स्वतः कांहीं आठवडे विश्रांतीस गेला होता, हें त्यानें त्या प्रसंगीं सांगितलें नाहीं. पुढें चौकशी झाली, विक्री कांहीं काळ थांबली, १९२६ त पुन्हा सुरू झाली, आणि सबंध जगभर पसरली.

क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञानें १९६५ सालीं दाखवून दिलें, कीं मनुष्याच्या शरीरांत व वातावरणांत साठलेलें शिसें नैसर्गिक प्रमाणाहून कितीतरी पटींनीं अधिक आहे. तरीही तें पेट्रोलमधून हटूं लागलें तें प्रामुख्यानें दुसऱ्याच कारणानें. १९७५ पासून अमेरिकन गाड्यांच्या धुराच्या नळींत धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक बसविण्यांत आलें, आणि तें उत्प्रेरक शिशानें निकामी होई. मुलांच्या मेंदूला शिसें सोसत नाहीं म्हणून जें झपाट्यानें झालें नाहीं, तें यंत्राला सोसत नाहीं म्हणून झालें! भारतांत शिशाचें पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालें. जगांतील शेवटचा देश अल्जीरिया, तेथें तें २०२१ त संपलें. आमचे वडील अत्यंत दक्ष गृहस्थ होते. गाडीचा प्रत्येक स्क्रू त्यांस ठाऊक होता. हातांत काय आहे, हें मात्र त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. म्हणून 'पूर्वींच्या धन्यास सर्व ठाऊक असे' असें म्हणणाऱ्यांशीं आमचें पूर्ण मतैक्य नाहीं.

यानंतरचा भाग थोडक्यांत सांगतां येतो. फोर्डच्या चालकाच्या डाव्या हातांतली ठिणगीची दांडी पुढें वजनांच्या व निर्वाताच्या स्वयंचलित योजनेकडे गेली होती. १९७७ च्या ओल्डस्मोबाइल टोरोनॅडोंत ती सूक्ष्म संगणकाच्या स्वाधीन झाली. कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं पेट्रोलचे फवारे आले. १९८६ सालीं बॉश कंपनीनें गाडींतील निरनिराळ्या नियंत्रकांस एकाच तारजोडीवरून परस्परांशीं बोलावयास लावणारी योजना जाहीर केली. आणि १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस आपला दोष ठराविक संकेतांत नोंदणें कायद्यानें भाग पडलें. आमचा 'पी ०३०२' त्याच लिपींतला. लाभ उघड आहेत. प्लग आतां वर्षानुवर्षें टिकतात, घाटांत ओलें फडकें लागत नाहीं, धूर पुष्कळ स्वच्छ झाला.

परंतु जी नोंद यंत्र ठेवतें ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न येथेंच उद्भवतो. सप्टेंबर २०१५ मध्यें उघडकीस आलें, कीं फोक्सवागन कंपनीच्या सुमारें एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत अशी गुप्त आज्ञावली होती, कीं जी गाडीची परीक्षा चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करी व रस्त्यावर येतांच मोकाट सोडी. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं मोजमापाचीं यंत्रें गाडींत घालून ती प्रत्यक्ष रस्त्यावर फिरविली, तेव्हां संशयास जागा झाली. धन्यास यांतलें काय कळणार? १९२३ सालीं पदार्थाचें नांव लपविलें होतें. येथें गाडीची वर्तणूकच लपविली.

आपल्याकडेही हा वाद न्यायासनापुढें आला. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड ठोठावला. सुटे भाग व दोष वाचण्याचीं उपकरणें आपल्या अधिकृत कारखान्यांबाहेरच्या मिस्त्र्यांस मिळूं न देणें हा त्यांचा अपराध. दंडाविरुद्ध पुढें अपिलें झालीं. पण वादाचा मुद्दा कायम आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालींच असा कायदा केला, कीं जी माहिती कंपनीच्या कारागिरास मिळते ती बाहेरच्या कारागिरासही मिळालीच पाहिजे. आतां गाडी आपली नोंद तारेविना परस्पर कंपनीकडेच धाडूं लागल्यामुळें २०२० त तेथील मतदारांस पुन्हा कौल द्यावा लागला. आमच्या गल्लींतील मिस्त्री, ज्यानें वडिलांच्या फियाटचें इंजिन दोनदां उतरविलें, तो हल्लीं नव्या गाड्यांना नुसती हवा भरून देतो व हात जोडतो. त्याचें कौशल्य गेलेलें नाहीं. त्याला आंत जाऊं देत नाहींत.

त्या पिवळ्या दिव्याच्या दिवशीं रात्रीं आम्हीं गाडीबरोबर आलेलें माहितीपुस्तक प्रथमच उघडलें. सहा वर्षें तें हातमोज्यांच्या कप्प्यांत पडून होतें. त्यांत असें स्वच्छ लिहिलें होतें, कीं इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सवडीनें कारखाना गांठावा. पण तो उघडझांप करीत असेल तर ठिणगी चुकून न जळलेलें पेट्रोल उत्प्रेरक जाळीत आहे असें समजून वेग ताबडतोब कमी करावा. तेलाचा लाल दिवा लागला तर मात्र घर दोन पावलांवर असलें तरी इंजिन त्याच क्षणीं बंद करावें. टायरांतली हवा गाडी थंड असतांनाच मोजावी. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें. आम्हीं बिलांची चवड काढून पाहिली. सहा वर्षांत तें एकदांच बदललें होतें.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. चहा झाल्यावर चिरंजीवांस हाक मारून आम्ही खालीं उतरलों. बॉनेट उघडण्याची खुंटी नेमकी कोठें आहे, हें शोधण्यांतच आमचीं दोघांचीं पांच मिनिटें गेलीं.