भामरागडचा पत्ता

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमापाशी वसलेले भामरागड कोठे आहे, असे कोणी विचारले तर नकाशावर बोट ठेवून सांगता येते. पण त्याचा पत्ता काय, असे विचारले तर आम्हांला उलट विचारावे लागते : कोणत्या सालचा? १९५० च्या आरंभी हे गाव मध्यप्रांत-वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात होते. त्याच वर्षी २६ जानेवारीस त्या प्रांताचा मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. बत्तीस वर्षांत गाव तसूभर हलले नाही. पत्ता मात्र पाच वेळा हलला.

राज्यकर्त्यांनी नवे नाव दिले की त्यांचे काम संपते. टपालाचे काम तेथून सुरू होते. दूर नोकरीला गेलेला मुलगा सवयीने ‘जिल्हा चांदा’ असेच लिहिणार. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन ज्या गावाचा जगाशी संबंध तुटे, त्या गावी मनीऑर्डर किंवा मुलाखतीचे बोलावणे पोचले नाही, तर ती गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. नावांच्या या गोंधळावर १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडाचा उपाय आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नावांवर प्रेम करणाऱ्या माणसाने नावांना अंकांचा आधार दिला. पुढे जिल्हा बदलला तरी पत्र कोणत्या टपाल कचेरीत न्यावयाचे ते अंकांवरून कळू लागले.

गडचिरोली जिल्हा झाला त्याच महिन्यात, ऑगस्ट १९८२ मध्ये, अमेरिकेत जोनाथन पोस्टेल यांनी ई-मेल पोचविण्याचे नियम प्रसिद्ध केले. पत्राचा धनी आपल्याकडे राहत नसेल, तर पत्र घेणाऱ्या यंत्राने काय म्हणावे? त्यांनी दोन उत्तरे नेमून दिली. एक : ‘तो येथे नाही, पण मी पुढे पाठवितो.’ दुसरे : ‘तो येथे नाही, तुम्हीच या पत्त्यावर पाहा.’ जुन्या पोस्टमनालाही हीच दोन उत्तरे ठाऊक होती.

ई-मेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’ या चिन्हापुढे येणाऱ्या नावास डोमेन म्हणतात. चिन्हामागे माणूस, पुढे जणू त्याचे गाव. आज एकाच संस्थेचे जुने डोमेन असते, नवे असते, आणि २०१४ पासून मिळू लागलेले ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट असलेलेही असू शकते. या सर्व गावांचे टपाल एका दारी आणणे, यालाच फॉरवर्डिंग म्हणतात. प्रत्येक नावाची वेगळी नोंद ठेवावी, कोणाचे पत्र कोठे जाईल ते लिहून ठेवावे, हा पहिला नियम. ‘जे येईल ते सारे एकाच पेटीत टाका’ असे सांगणारा आळशी मनुष्य लवकरच रद्दीखाली गाडला जातो. आणि दोन पत्ते एकमेकांकडेच बोट दाखवू लागले, तर पत्र त्यांच्यामध्ये येरझारा घालीत राहते.

खरी अडचण मात्र विश्वासाची आहे. तोतयांचा सुळसुळाट झाल्यावर प्रत्येक डोमेनने ‘माझी पत्रे फक्त हेच सर्व्हर आणतील’ अशी यादी जाहीर करण्याची पद्धत पडली. तिला एसपीएफ म्हणतात. त्यामुळे मध्ये पत्र पुढे पाठविणारा प्रामाणिक सर्व्हरही यादीत नाही म्हणून दारातून परत जाऊ लागला. यावर एक तोड निघाली : पुढे पाठविणाऱ्याने पाकिटावर परतीचा पत्ता स्वतःचा घालावा, म्हणजे पत्र पोचले नाही तर ते त्याच्याकडे परत येईल. दुसरी सोय डीकेआयएम या मोहोरेची. पत्राचा मजकूर वाटेत कोणी बदलला नाही, तर मूळ धाडणाऱ्याची मोहोर शाबूत राहते.

आमच्या मते साऱ्या विषयाचे सार येथे आहे. दुसऱ्याचे पत्र पुढे पाठविणे म्हणजे त्याची जबाबदारी आपल्या नावावर घेणे, आणि आतील अक्षराला हात न लावणे. भामरागडाचा जुना पत्ता निदान परक्याच्या हाती जाणार नव्हता. डोमेनचे तसे नाही. वर्षाचे पैसे भरावयाचे राहिले की ते कोणीही विकत घ्यावे, आणि आपल्या नावाने येणारी पत्रे त्याने खुशाल फोडावी! म्हणून संस्थेने नवे नाव जरूर घ्यावे. परंतु जुन्या नावावर विसंबून लिहिणारे एक जरी माणूस कोठे असेल, तोवर जुन्या दाराशी कोणीतरी जागे असले पाहिजे.